जिचा फोन, तिला घेऊन या

नसरीन फोन हातात घेतला की आधी त्याचा वास घ्यायची. काय बिघडलं ते सांगायला तुम्ही तोंड उघडेपर्यंत फोन तिच्या नाकाशी गेलेला असायचा. "चुलीपाशी ठेवत असतं ना?" किंवा "ब्लाउजमधी ठेवतं. घाम गेला याच्यात. घामात मीठ असते बाई, आतली तार खाऊन टाकते," असं म्हणता म्हणता तिचा स्क्रू-ड्रायव्हर कामाला लागलेला असायचा. जळका वास आला तर ती नाक मुरडायची. गोडसर वास आला तर मात्र फोन टेबलाच्या पार कडेला ठेवून सगळ्यांना मागे सरकायला लावायची. फुगलेल्या बॅटरीला तसा वास येतो, हे मला तिच्यामुळे कळलं. "पोट आलं याले. दाबून पाहू नका, अन् चार्जिंगले तं बिलकुल लावू नका. आज रात्री उशाखाली घेऊन झोपली असती तं उद्या तू नसती उठली."

रिसोडला बाजाराच्या रस्त्यावर एका ओळीत आमचे गाळे होते. माझं मॅचिंग सेंटर आणि शेजारी तिचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. मध्ये भिंत नव्हती, नुसता प्लायवूड होता. त्यामुळे तिच्याकडचं प्रत्येक बोलणं माझ्याकडे ऐकू यायचं. मी फॉल आणि अस्तराचे रंग जुळवत बसायची आणि पलीकडे तिचा पाय सतत हलत असल्याचा आवाज यायचा. तिच्या दुकानात गिऱ्हाइकांना स्टुलं होती, तिला स्वतःला खुर्ची नव्हती. काम करायची ते उभ्यानं. चहाचे दोन घोट घेऊन कप कुठेतरी ठेवायची आणि मग दुसरा मागवायची. एक फोन उघडून ठेवायचा, तो वाळेपर्यंत दुसरा घ्यायचा, तेवढ्यात दारात जाऊन रस्त्यावरच्या रिक्षावाल्याला काहीतरी ओरडून सांगायचं. मला अशी माणसं मानवत नाहीत. हातातलं एक काम संपवावं आणि मग दुसरं घ्यावं. मी तिला तसं सांगितलंही होतं. ती म्हणाली, "वानखडेबाई, तुमी कपड्याच्या धंद्यात हा. कपडा मरत नाही. इथं एकेकाचा जीव चालला असते."

खरं तर जीव गिऱ्हाइकांचाच जात असायचा. माझ्याकडे एक गुलाबी निवडायला अर्धा दिवस लावणारी बाई तिच्या दुकानात जागेवर ठरायची नाही. फोन बंद पडला की माणसाच्या हातांना काय करावं ते सुचत नाही. बायका उठायच्या, बसायच्या, पदर पुन्हा पुन्हा नीट करायच्या आणि "झालं का आपा?" असं विचारत राहायच्या.

एकदा केनवडची एक बाई रुमालात गुंडाळलेला फोन घेऊन आली. नसरीनने रुमाल सोडला आणि जोरात शिंकली. फोन पिवळाजर्द होता.

"फोन आनला का नवरदेव आनला व?"

"धुन्याच्या बकेटीत पडला होता आपा. लोक म्हनते तांदुळात ठेवा, पानी सोकून घेते. तांदूळ होते थोडे, ते रांधून टाकले. मंग हळदीच्या डब्यात ठेवला."

"हळदीत?"

"जखमेवर लावते ना हळद? घरचीच हाय, भेसळ नाही."

मी प्लायवूडच्या अलीकडे तोंडाला अस्तर लावून हसत होते. नसरीन हसली नाही. तिने फोन उघडून ब्रशने झाडायला सुरुवात केली आणि त्या बाईला, दुकानातल्या सगळ्यांना आणि बहुतेक प्लायवूडमधून मलाही सुनावलं. "तांदूळ खायाचे असते. हळद भाजीत घालायची असते. फोन पान्यात पडला तं पयले बंद करायचा. चालू होते का म्हनून पाह्यचं नाही, चार्जिंगले लावायचं नाही. सिम काढायचं, कोरड्या कपड्यानं पुसायचा अन् सीधा माह्याकडे घेऊन यायचा. कोरडा दिसला म्हनून आतून कोरडा नसते, बह्याडबेल्ले!" तो फोन चालू झाला. त्याच्या स्पीकरमधून मात्र आवाज खोकल्यासारखाच येत राहिला आणि ती बाई त्यावरही खूश होती.

तिचे सगळे सल्ले असेच असायचे, आणि ते मी आजवर पाळते. चार्जिंगच्या भोकात सुई टोचायची नाही. सोयाबीनच्या दिवसांत तिथे कुटाराची, म्हणजे भुशाची, धूळ बसते, ती फोन बंद करून लाकडी काडीने हलकेच काढायची. लाइन गेली की चार्जर काढून ठेवायचा, कारण लाइन परत येते ती धक्का देत येते. बॅटरी पार संपू द्यायची नाही, रात्रभर लावूनही ठेवायची नाही. "तुमी जेवता तसं तिले जेवू द्या. उपाशी बी नको, कोंबून बी नको." कव्हरच्या आत नोटा, तिकिटं, देवाचे फोटो ठेवायचे नाहीत, फोन तापतो. आणि फोटो एकाच फोनमध्ये ठेवून जन्मभर निश्चिंत राहायचं नाही.

पण बायका लांबलांबून तिच्याचकडे यायच्या त्याचं कारण हे सल्ले नव्हते. बस स्टँडकडच्या दुकानांत काम झटपट व्हायचं. नसरीनकडे वेळ लागायचा, शिवाय ती अंगावर ओरडायची. तरी यायच्या, कारण तिची पद्धत वेगळी होती. फोन घेतला की आधी सिम आणि मेमरी कार्ड काढून बाईच्या मुठीत द्यायची. फोन बाईच्या डोळ्यांसमोर उघडायची. लॉक कधी विचारायची नाही. "मले सांगू नको. तू टाक." काम त्या दिवशी झालं नाही तर फोन ठेवून घ्यायची नाही, परत न्यायला लावायची. आणि बाईचा फोन पुरुषाने आणला तर त्याला दारातूनच सांगायची, "जिचा हाय, तिले घेऊन या."

धंद्याच्या दृष्टीने हा वेडेपणा होता. रिठदहून जीपने आलेल्या एका माणसाला तिने असंच परत पाठवलं. फोन त्याच्या म्हाताऱ्या आईचा होता. तो रस्ताभर शिव्या देत गेला. दुसऱ्या दिवशी आईला घेऊन आला. म्हातारीने फोन दुरुस्त करून घेतला, शेजारून समोसा घेऊन खाल्ला, माझ्याकडून दोन ब्लाउजपीस घेतले आणि जाताना नसरीनला म्हणाली, "माय, असंच करत जाय. तुह्यापायी या पोट्ट्यानं मले रिसोड दाखवलं."

ही पद्धत कुठून आली ते मी एकदा विचारलं होतं. ती फोनच्या आतल्या पट्टीवर कथलाचा डाग देत होती. मान वर न करता म्हणाली, "माह्या बहिनीचा फोन एकानं दुरुस्तीले म्हनून ठेवून घेतला होता. मंग तिचं लगीन मोडलं. समोरचं इचारू नका." त्यानंतर ती अकोल्याला जाऊन हे काम शिकून आली, एवढं मला माहीत होतं. नवऱ्याची पाठ कामातून गेल्यापासून घर त्या गाळ्यावरच चाललं होतं.

आमच्या गाळ्यांचे मालक दिगंबरभाऊ. त्यांचा मुलगा गजू एका दुपारी नसरीनकडे आला. मी आवाज ओळखला.

"आपा, हा फोन लॉक झाला. उघडून द्या."

ती वास घेत असणार.

"याले पावडरचा वास हाय भाऊ. कोनाचा?"

"माहाच."

"मंग बोट लावा."

"बोट घेऊन नाही राह्यला तो. अन् नंबर इसरलो."

"मोतीवालं कव्हर वापरता तुमी?"

आता मी रंगीत दोरे आवरायचं निमित्त करून बाहेर आले. माझ्याकडची दोन गिऱ्हाइकंही मागोमाग आली. गजूने आम्हाला पाहिलं आणि त्याचा आवाज चढला.

"बायकोचा हाय. घरातलाच हाय ना? बिल माह्या नावावर हाय. पैसे म्या भरले."

"बिल तुमचं असंन. साडी बी तुमीच घेऊन देली असंन तिले. म्हनून तुमी नेसता का?"

माझ्या गिऱ्हाइकांतली एक फिसकन हसली. तिने हसायला नको होतं. तोवर तो नुसता अडला होता, आता चारचौघींत त्याची अब्रू गेली.

"आपा, गाळा कोनाचा हाय, मालूम हाय ना?"

"तुमच्या बाबाचा. अन् फोन तिचा. तिले घेऊन या, ती म्हनीन तं आत्ता उघडून देते."

तो फोन उचलून गेला. नसरीनने लगेच दुसरा फोन हातात घेतला.

पुढचे दिवस कुणाचंच चित्त थाऱ्यावर नव्हतं. दिगंबरभाऊ स्वतः आले. वाईट माणूस नाही. स्टुलावर बसून हळू आवाजात म्हणाले, "पोरी, एक फोन तं हाय. उघडून दे अन् मोकळी हो. पोरगं रोज घरी आदळआपट करून राह्यलं." नसरीनने त्यांना चहा दिला आणि तेच सांगितलं, सुनेला घेऊन या. ते चहा अर्धा ठेवून उठले. महिना भरला की गाळा रिकामा कर, असा निरोप दुसऱ्या दिवशी आला.

मी तिच्याकडे गेले. मला भावनेच्या गोष्टी जमत नाहीत, म्हणून सरळ उपाय सांगितला. "त्याला सांग, हा फोन माझ्याच्यानं उघडत नाही. मशीन चालत नाही म्हण. प्रकरण मिटेल."

"मले येते ना पन," ती म्हणाली. "जुनं मॉडेल हाय, चहा थंडा व्हायच्या आत उघडते. येत नाही म्हनून कायले सांगू? उद्या तो गावभर सांगीन, नसरीनले काम येत नाही."

"घर चालवायचं आहे की नाव?"

"दोनी." ती दारात गेली, परत आली, पुन्हा दारात गेली. "वानखडेबाई, तुमचा बी गाळा त्याहीचाच हाय. तुमी आत जा."

मी आत गेले नाही, पण दिगंबरभाऊंकडे गेले. त्यांना म्हटलं, तिच्यामुळे या ओळीत बायका येतात, माझा धंदाही त्यावर चालतो. ते म्हणाले, "मले समजते ताई. पन घरात पोरासमोर मी काय बोलू?" सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. माझ्याकडे पाहून ती आत गेली.

महिनाअखेरीला नसरीनने एका दुपारीत दुकान आवरलं. भिंग, चिमटे, खोक्यातले सुटे भाग, सगळं तिने चादरीत बांधलं. टेबलाचं एक टोक मी धरलं आणि एक तिने. टेम्पोत टेबल ठेवताना ती ड्रायव्हरवर ओरडली, मग माझ्यावर ओरडली आणि निघून गेली. प्लायवूडच्या पलीकडचा आवाज बंद झाला. मला वाटलं होतं, आता शांतपणे काम होईल. झालं नाही. रोज कुणी ना कुणी रुमालात फोन गुंडाळून बंद शटरसमोर उभी राहायची आणि मग माझ्याकडे यायची. नसरीन आता गावोगावच्या आठवडी बाजारांत टेबल मांडते, असं मी सांगायची. काही जणी तिकडे जायच्या. काही जणी फोन पदराखाली घेऊन तशाच घरी परतायच्या.

नंतर एकदा दिगंबरभाऊंची सून माझ्याकडे अस्तर घ्यायला आली. एकटीच. मी मोतिया रंग दाखवत होते, तेव्हा मान खाली घालूनच ती म्हणाली, "बस स्टँडवर उघडून आनला त्याहीनं. काही निघालं नाही. मायले केलेले फोन होते, अन् शिलाईचे व्हिडिओ." मी अस्तर मोजत राहिले. जाताना ती दारात थांबली. "आपानं नव्हता उघडला ना, ताई?"

"नाही," मी म्हटलं.

"बरं," म्हणाली आणि गेली.

पुढे केनवडला माझं काम निघालं, तो बाजाराचा दिवस होता. भाजीच्या ओळीच्या टोकाला निळ्या ताडपत्रीखाली तेच टेबल होतं आणि त्यामागे नसरीन, उभीच. काळवंडली होती, आवाज बसला होता. भोवती बायकांचा घोळका. मी जवळ गेले आणि तिला सगळं सांगून टाकलं. फोन शेवटी दुसऱ्याने उघडला, आत काहीच नव्हतं, आणि आता घरात सगळं पहिल्यासारखं चाललं आहे. मग म्हटलं, "म्हणजे तुझा गाळा फुकट गेला."

तिचे हात थांबले. इतक्या दिवसांत ते थांबलेले मी पहिल्यांदाच पाहत होते.

"तिले मालूम हाय का, म्या नाही उघडला ते?"

"तिनं तेवढंच विचारलं मला."

नसरीनने माझ्या पाठीमागच्या बाईकडे हात केला आणि तिचा फोन नाकाशी नेला.

"मंग झालं तं," ती मला म्हणाली. "सरका वानखडेबाई, उजेड अडवून राह्यल्या तुमी."