कानात न घातलेल्या नळ्या

डॉक्टरीणबाईंनी रक्तदाबाचा पट्टा माझ्या दंडाला बांधला तो ब्लाउजच्या बाहीवरून. बोटांच्या टोकांनी. फुगा दाबला, सोडला.

"नॉर्मल. उतर खाली."

स्टेथोस्कोप त्यांच्या गळ्यात लटकत होता. नळ्या कानात नव्हत्याच.

मुलांनो, हे तुमचा बाबा पोटात होता तेव्हाचं. ऐंशीच्या दशकातलं. मी मुलुंडला एका शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि स्टेशनजवळच्या एका नर्सिंग होममध्ये नाव घातलं होतं. आधी एकटीच जायचे. तेव्हा मी "मॅडम" होते, "तुम्ही" होते. बाई बाही वर सरकवत, नीट ऐकत, आकडा सांगत. वर इंग्रजी कादंबऱ्यांच्या गप्पा.

त्या दिवशी आई सोबत आली होती. बाजारात मासळी विकून तशीच, कोळणीच्या नेसणीत, रिकामी पाटी दाराशी ठेवून. "ही माझी आई," मी म्हटलं. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. नर्सला म्हणाल्या, "खिडकी उघड गं."

आणि मी "तू" झाले.

"किती आहे प्रेशर?" मी विचारलं.

"तुला काय करायचाय आकडा? सुकट खाणं कमी कर."

घरी आल्यावर वाटलं, नळ्या कानात नव्हत्या हा भासच असेल. शिकलेली बाई असं कशी करेल? पुढच्या खेपेला मुद्दाम पाहिलं. पट्टा बाहीवर. नळ्या गळ्यात. "नॉर्मल."

मग डोहाळजेवण. आईने माझ्या मापाचा हिरवा चुडा आणला होता. हातात चढेना. दोन बांगड्या फुटल्या. बायका हसल्या, "गुटगुटीत झालीस गो!" मी मनगटावर अंगठा दाबला. खळगा पडला, भरून येईना. डोकं आधीच ठणकत होतं, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते.

"चल गो बाय, दवाखान्यात," आई म्हणाली. "मी भायेर थांबतंय, त्या बाईला वास येतो."

"तू आत यायचंस. माझ्या शेजारी उभं राहायचंस."

आत गेल्यावर बाईंनी पट्टा उचलला. मी हात मागे घेतला. बाही स्वतःच वर केली.

"नळ्या कानात घाला. आणि आकडा मोठ्याने सांगा. माझ्या आईलाही ऐकू दे."

"मला शिकवतेस तू?"

"हो."

नर्स खाली बघू लागली. बाईंनी नळ्या कानात घातल्या. पारा बघत राहिल्या. पुन्हा फुगा दाबला. "एकशे सत्तर, एकशे दहा." आवाज एकदम खाली आला. "मॅडम, तुम्हाला लगेच मोठ्या हॉस्पिटलला जावं लागेल."

आता पुन्हा मॅडम.

पालिकेच्या हॉस्पिटलात तुमचा बाबा दिवस भरायच्या आधीच काढावा लागला. मूठभर जीव. रडलाही नाही नीट. काचेच्या पेटीत ठेवला. तिथल्या डॉक्टरने न विचारता समजावलं, "प्रेशर वाढलं की वारेतून बाळाला रक्त कमी जातं. बाळ आतच उपाशी राहतं, वाढत नाही."

उपाशी. निम्म्या मुलुंडला मासळी खाऊ घालणाऱ्या बाईचा नातू.

तो जगला. पण त्याची छाती लहानपणभर घरघरत असे. मी विचारलं होतं, वेळेवर कळलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, नक्की सांगता येत नाही. असेल. पण ज्यांनी ऐकलंच नाही, त्यांना मी संशयाचा फायदा देत नाही.

त्यानंतर मी प्रत्येक दारात आईला पुढे घालून गेले. बँकेत, शाळेत, दवाखान्यात. कोण कसं बदलतं ते पाहायला. आता आई नाही. म्हणून आत शिरल्या शिरल्या मीच सांगते, मी कोळणीची मुलगी. मग समोरचा काय बोलतो ते मी ऐकत नाही.

त्याच्या हातांकडे बघते.