एदोगावातला सत्कार

शाल माझ्याच बॅगेतून जपानला गेली. निघायच्या आदल्या दिवशी माझ्या धाकट्या भावाचा, सुहासचा, फोन आला. "ताई, येताना पैठणी काठाची एक चांगली शाल आण. इथे एका नटीचा सत्कार करायचाय. आणि तिचा परिचय तूच करून द्यायचास, असं आमच्या इथल्या केळकरांनी ठरवलंय." शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी पुण्यात कार्यक्रमांची सूत्रसंचालनं करते, त्यामुळे परिचय करून देणं हा माझ्या हातचा मळ. नारळ मात्र विमानातून न्यायचा धीर झाला नाही. तो तिथल्या भारतीय दुकानात मिळाला.

सुहास तोक्योच्या पूर्वेला, एदोगावात राहतो. स्टेशनबाहेर सायकलींच्या रांगा, सात-आठ मजली इमारती, आणि बाल्कन्यांत वाळणाऱ्या गाद्यांमध्ये एखादा ओळखीचा पंजाबी ड्रेस. पहिल्याच सकाळी मी चहाचा चोथा आणि दुधाचा खोका एका पिशवीत घालून खाली ठेवला. कचरागाडी बाकी सगळं घेऊन गेली. माझी पिशवी तिथेच, वर एक चिठ्ठी चिकटवलेली. सुहासची बायको मेघना ती उचलून घरी घेऊन आली आणि चोथा-खोका दोन पिशव्यांत वेगळं करत बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माझा जीव होता त्यांच्या दहा वर्षांच्या मुलीत, आर्यात. मी मराठीत विचारायचे, ती जपानीत उत्तर द्यायची. 'वाकान्नाइ' (माहीत नाही) हा शब्द मी तिच्याकडूनच शिकले. आत्यासाठी ती कोपऱ्यावरच्या कोनबिनीतून (चोवीस तास उघडं असणारं दुकान) ओनिगिरी (समुद्रशेवाळात गुंडाळलेला भाताचा त्रिकोण) घेऊन आली, कागद कसा सोडवायचा तेही दाखवलं, पण तोंडातून मराठी शब्द म्हणून नाही.

"समजतं तिला सगळं, ताई," मेघना म्हणाली. "बोलत नाही. आम्ही पण आता इंग्लिशवरच आलोय. पण मिरेनबाईंच्या नाटकात शेवटी ती मराठीत बोलणार आहे. चार वाक्यं. स्वतः लिहिलीत, आम्हाला सांगत नाही."

त्या मिरेनबाई म्हणजेच सत्कारमूर्ती. वरच्या मजल्यावर त्यांची संशोधक मुलगी राहते, तिच्याकडे दरवर्षी त्या काही महिने येतात. वय चौऱ्याहत्तर, केस कापलेले, आवाज घोगरा. कुणी 'स्पॅनिश' म्हटलं की थांबवून सांगतात, "बास्क." स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवरच्या डोंगराळ मुलखातले हे लोक, त्यांची भाषाच वेगळी. लिफ्टमध्ये भेटणारी आपली मुलं आयांना जपानीत उत्तरं देतात हे त्यांनी ऐकलं आणि दर शनिवारी वॉर्डाच्या सभागृहात नाटकाचा वर्ग सुरू केला. फुकट. अट एकच, घरच्या भाषेत बोलायचं.

परिचयाची माहिती घ्यायला मी वर गेले. त्यांनी बटाट्याचं जाडजूड आमलेट केलं होतं. मी हिरवी मिरची मागितली, त्यांनी दुखावून माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हाला मराठी येत नाही, मग नाटक कसं बसवता?" मी विचारलं. त्यांचं इंग्रजी माझ्याइतकंच तुटकं, त्यामुळे गप्पा छान झाल्या.

"खोटं बोललेलं कुठल्याही भाषेत ऐकू येतं," त्या म्हणाल्या. "मी लहान असताना शाळेत आमची भाषा बोललं की हातावर छडी बसायची. तुमची मुलं तर कुणी न मारताच गप्प झालीत."

मी वही काढली. हुकूमशाहीचा काळ. बाविसाव्या वर्षी या बाई एका जुन्या गाडीतून गावोगाव नाटक घेऊन फिरत. नाट्यगृह कुठलं? चेंडू भिंतीवर मारायच्या खेळाचं मैदान, तेच रंगमंच. एका गावात शेवटच्या प्रवेशाआधी पोलिसांनी प्रयोग थांबवला. पुढे त्यांच्या भाषेत कार्टून आली तेव्हा कित्येक वर्षं एका कोल्ह्याचा आवाज यांचा. चाळिशीनंतर भूमिका मिळेनाशा झाल्या. पुरुष नट साठीतही नायक, आणि बाईला मात्र आजीचं काम! हे ऐकून माझाच संताप झाला. मग त्यांनी दिग्दर्शन हाती घेतलं आणि तीस वर्षं नाटक शिकवलं. एवढं मोठं आयुष्य, आणि आपल्याला पत्ताच नाही!

शनिवारची तालीम मी पाहिली. जपानी रिवाजाप्रमाणे सगळ्यांच्या चपला दाराशी. बाईंनी स्वतःच्या तेवढ्या उचलून सर्वांत मागच्या खुर्चीवर ठेवल्या. "यांच्याशी बोला, म्हणजे आवाज मागेपर्यंत पोचेल," त्या मुलांना म्हणाल्या. आर्याची पाळी आली तशी त्यांनी मला हाताला धरून बाहेर काढलं. "हे प्रयोगाच्या दिवशी. मला अर्थ कळत नाही, पण ती जे बोलते ते खरं आहे."

प्रयोग रविवारी होता. सभागृह साडेचारपर्यंत आपलं, आणि साडेचारला म्हणजे खुर्च्या रचून, जमीन पुसून, किल्ली परत. केळकरांना हे माहीत होतं. ते एका बँकेतर्फे सहा वर्षं तिथे आहेत आणि आसपासच्या मराठी कुटुंबांचे म्होरके आहेत. दोनचा कार्यक्रम त्यांनी प्रमुख पाहुण्यांसाठी अडीचला सुरू केला. पाहुण्यांना लवकर निघायचं होतं, म्हणून सत्कार आधी, नाटक नंतर. आग पेटवायला बंदी, म्हणून बॅटरीच्या समईचं दीपप्रज्वलन. तीही पाच जणांनी मिळून! मग स्वागत, प्रास्ताविक, माझा परिचय, शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, पाहुण्यांचं मनोगत. नमनाला घडाभर तेल. मुलं पडद्यामागे तोंडं रंगवून उभी. बाईंना बोलायला सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मुलं थांबलीत."

नाटक सुरू व्हायला साडेतीन झाले. गोड झालं. अडखळत का होईना, पोरं मराठीत भांडत होती, रुसत होती. आयांच्या डोळ्यांना पदर लागले. तेवढ्यात टोपीवाले म्हातारे व्यवस्थापक दाराशी येऊन वाकले आणि त्यांनी घड्याळाकडे हात केला. सव्वाचार. आर्या एकटी रंगमंचावर आली. तिने शेवटच्या रांगेकडे पाहिलं, श्वास घेतला, आणि केळकर माइक घेऊन वर चढले.

"वेळेअभावी आपल्याला इथेच थांबावं लागतंय. मुलांसाठी जोरदार टाळ्या!"

टाळ्या पडल्या. दिवे लागले. आर्या तशीच उभी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अहो, चार वाक्यं होती हो तिची! दोन मिनिटं!"

"ताई, हे जपान आहे. उशीर झाला तर पुढच्या वेळी हॉल देत नाहीत," केळकर खुर्च्या उचलत म्हणाले. "आणि तिची वाक्यं काय, ती घरीसुद्धा म्हणून दाखवेल."

मी त्या टोपीवाल्यांशीही मराठीत भांडले. ते प्रत्येक वाक्याला नम्रपणे वाकत राहिले. शेवटी मिरेनबाईंनीच मला बाजूला घेतलं. खांद्यावर माझी शाल तशीच होती.

"त्यांच्यावर कशाला ओरडता? त्यांनी वेळ आधीच सांगितली होती," त्या म्हणाल्या. "आम्हाला पोलिसांनी थांबवलं, तेव्हा निदान आम्ही त्यांना शिव्या तरी देऊ शकलो. इथे मला आभार मानावे लागले."

घरी आल्यावर सुहास, मेघना, मी, तिघांनी आर्याला विनवलं. सोफ्यावर ओळीने बसलोसुद्धा. तिने वेण्या सोडल्या, 'मोऊ ईई' (राहू दे आता) म्हणाली आणि दार लावून घेतलं. पुढच्या शनिवारी ती वर्गाला गेली नाही. विमानतळावर तिने मला घट्ट मिठी मारली, पण निरोप जपानीतच घेतला.

पुण्यात आल्यावर केळकरांना खरमरीत पत्र लिहायचं ठरवलं. सुहासकडून कार्यक्रमाची चित्रफीत मागवली आणि कुणी किती वेळ खाल्ला ते टिपायला कागद-पेन घेऊन बसले. समई चार मिनिटं. केळकर सहा. पाहुणे नऊ, हे मी ठळक लिहिलं. मग माझा परिचय. मी थोडक्यातच बोलले होते अशी माझी समजूत होती. एकोणीस मिनिटं. हुकूमशाही, गाडी, कोल्ह्याचा आवाज, बाईंवरचा अन्याय, काही सोडलं नव्हतं. पोलिसांनी शेवटचा प्रवेश कसा होऊ दिला नाही, हे तर मी आवाज कापरा करून सांगितलं होतं आणि टाळी घेतली होती.

ते पत्र मी लिहिलं नाही. पण चित्रफीत पुन्हा लावली, कारण माझ्या मागे रंगमंचाच्या पडद्याच्या कडेला काहीतरी हलताना दिसलं होतं. आर्या होती. दोन वेण्या, रंगवलेला चेहरा, नजर समोर शेवटच्या रांगेवर. ती तिची वाक्यं घोकत होती. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं, आणि परत पहिल्यापासून. मी आवाज पूर्ण मोठा केला, कान पडद्याला लावला. तिचे ओठ स्पष्ट हलत होते, आणि ऐकू येत होते ते मी.