आवाज न करणारा एसी

घड्याळजींचा पाय एका जागी ठरत नव्हता. बायकोच्या हृदयाचं ऑपरेशन होऊन ती घरी आली होती, आणि दुपारची झोप हे औषधच समजा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण आतली खोली नेमकी गच्चीखाली, दुपारी तिची भट्टी व्हायची. ती बिचारी कूस बदलत राही, आणि हे बाहेरच्या खोलीत उघडी घड्याळं टेबलावर टाकून येरझाऱ्या घालत. शेजारीपाजारी पाठीमागे त्यांना 'लंबक' म्हणत, ते काही उगाच नाही.

शेवटी एसी घ्यायचं ठरलं. दुकानातला विक्रेता टन, तारे, वॉरंटी असं पोपटासारखं बोलत सुटला. यांचं तिकडे लक्षच नाही. टिकटिक ऐकून घड्याळाचं दुखणं ओळखण्यात ज्यांचा जन्म गेला, ते दुसरं काय बघणार? त्यांनी दुकानातला पंखा आणि गाणी बंद करायला लावली आणि स्टुलावर चढून एकेका एसीला कान लावला. एकाची पट्टी थरथरते म्हणाले, दुसऱ्याला दमा आहे म्हणाले. खोली केवढी, हे विक्रेत्याला तीनदा विचारावं लागलं. "असा द्या, की चालू आहे हे कळताच कामा नये," एवढंच यांचं मागणं.

फिटर आला, त्याने भिंतीला भोक पाडलं, बाहेरचं यंत्र गच्चीवर टाकलं. तो गेला तरी यांचं समाधान होईना. दाराखालच्या फटीला यांनी स्वतः रबर ठोकलं, खिडकीच्या चौकटीतल्या फटींत लांबी भरली आणि तिला त्रास नको म्हणून आतलं भिंतीवरचं घड्याळही काढून आणलं. खोली गार झाली आणि चिडीचूप झाली. आता झोप येणार नाही तर जाईल कुठे?

दार हळूच ढकलून पाहिलं की तिचे डोळे मिटलेले असत. यांचा ऊर भरून येई. तपासणीला गेल्यावर, झोप लागते का, असं डॉक्टरांनी तिला विचारलं, तर तिच्याआधी हेच म्हणाले, अगदी ढाराढूर. रक्तदाबाचा आकडा मात्र वेगळंच सांगत होता. डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चपला काढून, श्वास रोखून दार उघडलं. ती छताकडे टक लावून पडली होती. चाहूल लागताच तिने चटकन डोळे मिटले.

यांचा पारा चढला. नाटक कशाला करायचं, म्हणाले, जिवाशी खेळ आहे हा.

"तुम्ही इतक्या हौसेने आणलाय," ती म्हणाली. "पण दवाखान्यातही असंच होतं हो. गार, आणि आवाज नाही कसला. दार लावलं, की मला वाटतं, तुम्ही मला ठेवून घरी गेलात."

घड्याळजींना स्वतःचाच राग आला. सगळ्या फटी त्यांनीच तर बुजवल्या होत्या.

त्याच दुपारी त्यांनी टेबल आत ओढलं. ऐन उन्हाळ्यात स्वेटर चढवला. गारठ्याने बोटं आखडत, बारीक स्क्रू चिमट्यातून निसटे, मग ते स्वतःशीच करवादत. एक घड्याळ बंद केलं, दुसरं उघडलं. हातातली कामं संपली तेव्हा त्यांनी वळून पाहिलं. तिचा श्वास संथ चालला होता. ते बघतच राहिले.

"थांबलात का?" तिने डोळे न उघडता विचारलं.

"छे, चाललंय की," ते म्हणाले, आणि रिकाम्या डबीवर चिमटा वाजवू लागले.