अर्जुनरावांच्या गाडीचा मागचा डोळा

वडनेर भोलजीत कोणालाही विचारा, अर्जुनराव गाडी मागं कशी घेत ते तो सांगणार नाही, करूनच दाखवेल. दार उघडायचं. उतरायचं. मागं जाऊन वाकून पाहायचं, तोंडानं 'हं, हं' करायचं, परत येऊन बसायचं, दार आपटायचं, गिअर टाकायचा आणि पुन्हा दार उघडायचं. "एकडाव पाह्यतो बाप्पा." अशा तीन फेऱ्या झाल्याशिवाय त्यांची काळीपिवळी वीतभरही मागं सरकत नसे. आत मांडीला मांडी लावून बसलेले प्रवासी तोवर घड्याळं पाहू लागत, कारण मलकापूरची रेल्वे काही अर्जुनरावांसाठी थांबणार नव्हती.

पण हे दुखणं जन्माचं नव्हतं. वडनेर ते मलकापूर या रस्त्यावर तेवीस वर्षं त्यांनी नुसत्या कानावर गाडी मागं घेतली होती. स्टँडवर सीट, म्हणजे प्रवासी, गोळा करणारा पुंजाजी गाडीच्या पाठीवर थापा मारायचा. दोन थापा म्हणजे येऊ द्या, एक थाप म्हणजे थांबा. गालात तंबाखूचा बार असल्यामुळे त्याच्या तोंडून 'येऊ द्या'चं 'येऊं ग्या' व्हायचं. एकदा हा गडी मोबाइलमध्ये मान घालून थापा मारत राहिला. येऊं ग्या, येऊं ग्या, येऊं ग्या. धाडकन विजेचा खांब. मग पुंजाजी मान वर न करता म्हणाला, "आली."

खांबाचं हसू झालं. परातीचं झालं नाही.

अर्जुनरावांचं घर गल्लीच्या बंद टोकाला. गल्ली अशी चिंचोळी की आत गेलेली गाडी वळत नाही, सकाळी साठ पावलं उलटीच काढावी लागते. गल्लीच्या तोंडाशी सरस्वतीबाई राहतात. पंचाहत्तरीची म्हातारी, दोन्ही कानांनी ठार बहिरी. थंडीच्या दिवसांत सकाळचं ऊन पडतं ते नेमकं तिच्या दारापुढं, रस्त्याच्या मधोमध. तिथं पाट टाकून, गाडीकडं पाठ करून ती काहीतरी निवडत बसायची. गेल्या महिन्यात अर्जुनरावांनी दोन्ही आरसे पाहिले, हॉर्न दिला, गाडी सोडली आणि मागच्या चाकाखाली खण्ण-कर्र झालं.

उतरून पाहिलं तर पाटाचे दोन तुकडे, परात भाकरीसारखी चपटी आणि तुरीच्या शेंगा गल्लीभर. म्हातारी पाणी प्यायला आत गेली होती.

तेव्हापासून माणसाला चैन पडेना. पाणी प्यायला वेळ तो किती लागतो? जेवताना मांडी हलायची, बोटं ताटाच्या कडेवर ठणठण वाजायची. पाट कुठं, चाक कुठं, म्हातारी कुठं, हे ते मीठ आणि लोणच्याच्या फोडी मांडून पुन्हा पुन्हा बघायचे. शेवटी एकदा बायकोला, पुष्पाबाईंना म्हणाले, "पुन्हा असं झालं तं चाबी खुंटीले. सांगून ठेवतो." पुष्पाबाई मनात म्हणाल्या, या माणसाला घरी बसवायचं म्हणजे फिरता भोवरा खिशात ठेवायचा.

कॅमेऱ्याचं काढलं ते अर्पितानं. ही त्यांची लेक, मलकापूरला कॉलेजात शिकते आणि रोज बापाच्याच गाडीत पुढच्या सीटवर बसून जाते. अर्जुनरावांनी आधी साफ उडवून लावलं. तेवीस वर्षं, शाबूत डोळे, असलं बरंच ऐकवलं. अर्पितानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "डोये शाबूत आहेत बाबा. पण ते मांगं कुठं आहेत?"

मलकापुरात नंबरप्लेटच्या वर सुपारीएवढा कॅमेरा बसला आणि स्टिअरिंगशेजारी तळहाताएवढा पडदा. गिअर मागं पडला की पडदा उजळायचा. अर्जुनराव त्याच्याशी नव्या सीटशी बोलावं तसं बोलू लागले. हाव, दिसला खांब. हाव, बकरी आहे, समजलं. पहिल्या दिवशी तरीही तीनदा उतरले. दुसऱ्या दिवशी दोनदा. चौथ्या दिवशी एकदाही उतरले नाहीत आणि संध्याकाळी ताटाशी बोटं गप्प राहिली.

तो शुक्रवार होता. पुष्पाबाईंनी तबक घेतलं. नवी वस्तू आली, तिची पूजा राहिलीच होती. बॉनेटला हळदकुंकू झालं, स्टिअरिंगला झालं, चाकांखाली लिंबं ठेवून झाली. मग त्या मागं गेल्या. एवढासा डोळा, आणि साऱ्या गावाची नजर त्याच्यावर. कुंकू टिकावं म्हणून त्यांनी ते तेलात कालवलं आणि त्या डोळ्यावरच बोट टेकवून नमस्कार केला.

शनिवारी सकाळी अर्जुनराव गाडीत बसले. फोनवर पुंजाजी नाकातून घाई करत होता, अकरा सीटा भरल्या, एकाले रेल्वे पकडायची आहे. गिअर मागं टाकला. पडदाभर लालभडक. खांब नाही, बकरी नाही, रंगपंचमीचं पातेलं उघडल्यासारखं नुसतं लाल. पाच दिवसांत बिघडला, हेच त्यांच्या मनात आलं. डावा आरसा पाहिला, मोकळा. उजवा पाहिला, मोकळा. मान वळवून मागच्या काचेतून पाहिलं, दिसली तेवढी गल्ली रिकामी. फोन पुन्हा वाजला. या गल्लीत तेवीस वर्षं आरशांवरच तर चाललं होतं. ब्रेकवरचा पाय सैल झाला, गाडी सरकली, पाच पावलं, पंधरा, चाळीस, पंचावन्न. आणि कुठूनशी ती गेल्या महिन्यातली खण्ण-कर्र कानात आली. त्यांनी ब्रेक दाबला, चाबी काढली आणि खाली उतरले.

बंपरपासून दोन हातांवर सरस्वतीबाई. नवा पाट, पाठ गाडीकडं, मांडीवर मेथीची जुडी.

अर्जुनरावांनी समोर जाऊन हातवारे केले तेव्हा म्हातारीनं वर पाहिलं. "काकू, इथं काऊन बसल्या?" त्यांनी बोटानं पाट दाखवत ओरडून विचारलं.

"ऊन इथंच येते ना बाप्पा," ती म्हणाली. "तुह्या गाडीनं माही परात नेली. ऊन तं नाई नेलं."

अर्जुनराव मागं आले. कॅमेऱ्यावरचा टिळा पाहिला, कोणाचं बोट ते ओळखलं, आणि खांद्यावरच्या दुपट्ट्याच्या टोकानं तो पुसला. तोवर अर्पिता दप्तर घेऊन धावत आली होती. त्यांनी तिला चाबी देऊन आपल्या जागेवर बसवलं आणि स्वतः म्हातारीच्या शेजारी मातीत बसले. हा एवढा आडवातिडवा माणूस.

"दिसतो का?"

अर्पितानं इंजिन न लावता चाबी अर्धी फिरवून पडदा उजळवला, आरसे पाहिले, मान वळवली. "आरशात नाई दिसत बाबा. काचीतूनही नाई. पडद्यात दोघंही दिसता." मग हळूच, "मेथीसुद्धा दिसते."

अर्जुनराव लगेच उठले नाहीत. तेवीस वर्षांत किती सकाळी त्या जागी कोण कोण बसलं असेल, कोणाची पोरं रांगली असतील, आणि आपण हॉर्न देऊन निघून गेलो असू, हे त्यांच्या डोळ्यांपुढून चाललं होतं. सरस्वतीबाईंनी अर्धी जुडी त्यांच्या पुढं सरकवली. बसलाच आहेस तर निवड. त्यांनी चार काड्या निवडल्याही. पुंजाजीचा फोन वाजत राहिला.

पूजा आता नंबरप्लेटची होते. रोज सकाळी अर्जुनराव एकदा, एकदाच, मागं जातात, दुपट्ट्यानं डोळा पुसतात, त्या निमित्तानं गल्ली नीट पाहतात, म्हातारीला हात धरून उठवतात, पाट कडेला लावतात, गाडी काढून झाली की पुन्हा उन्हात मांडून देतात. खुंटीवर चाबी अजून लागलेली नाही.

पुंजाजीला मात्र हे काही पटलेलं नाही. परवा स्टँडवर तो गाडीमागं मोबाइल घेऊन उभा होता, थापा चालू, येऊं ग्या, येऊं ग्या. गाडी मध्येच थांबली. त्यानं आणखी दोन थापा मारल्या, तरी हलेना. तेव्हा तो खिडकीशी आला आणि वैतागून म्हणाला, "मोकयं आहे ना मांगं. थांबले काऊन?"

अर्जुनरावांनी पडद्याकडं बोट केलं. "तू दिसून राह्यला होता."