हरणाबाईची राहिलेली ओटी

हरणाबाईच्या तोंडाला लागायला गावात कुणी धजत नसे, आणि तिच्या कलिंगडावाचून गावाचा उन्हाळाही जात नसे. सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णेच्या काठावरचं हे गाव. काठावरची माणसं खाण्याच्या बाबतीत भारी नखरेल. वांगं नदीकाठच्या मळीतलंच हवं, मासा डोहातलाच हवा आणि कलिंगड म्हणाल तर वाळूतलं. काळ्या रानातलं फळ कुणी पुढं केलं तर "ह्यो भोपळा कुनी आनला?" असं पाहुण्यांदेखत विचारायला ही माणसं कमी करत नसत.

हरणाबाईला आणि तिच्या नवऱ्याला, आकारामला, स्वतःचं रान नव्हतं. दिवाळी झाली, पाणी ओसरलं, की नदीच्या पात्रात वाळूचा लांबलचक पट्टा उघडा पडे. तेच त्यांचं रान. वाळूत खड्डे काढायचे, शेणखत भरायचं, बी टोकायचं. बाजूला झिरा उकरायचा, म्हणजे वाळूतून पाझरणाऱ्या पाण्याची कंबरभर खोल विहीरच, आणि त्यातलं पाणी घागरीनं वेलांना घालायचं. याला ती दोघं वाडी म्हणत. वाडीशेजारी गवताची खोप घालून उन्हाळाभर तिथंच संसार. पावसाळ्यात नदी सगळं धुऊन नेई, तेव्हा घाटाजवळच्या घरात यायचं. लग्न झाल्यापासून असंच चाललं होतं. पोरगा लष्करात गेला, तो रजेवर आला तरी आधी वाळूत यायचा, मग घरात.

आकाराम मुलखाचा अबोल. बायको एवढी बोलते आणि तुम्ही गप्प कसे, असं कुणी छेडलं की म्हणायचा, "ती बोलती त्यात माजंबी येतंय की." फळ पिकलं का नाही हे तो बोटाच्या पेरानं ठोकून, कान देऊन ऐके. टणटण वाजलं की हात मागं घेई. बद्द वाजलं की हरणाबाईकडं बघून नुसता हसे. सांगलीच्या बाजारात त्यांच्या पाट्या उतरल्या की हळदीचे व्यापारीसुद्धा दुकानातून उठून येत.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. उन्हाळ्यात कृष्णा म्हणजे चार डबकी आणि वाळू. झिरा कंबरभर उकरला, गळ्याइतका उकरला, ओल लागेना. वेल माना टाकू लागले. हरणाबाई त्या कोरड्या झिऱ्यात उभी राहिली आणि पदर पसरून म्हणाली, "कृष्णामाई, बारा म्हयनं व्हात ऱ्हा. म्या तुजी खणानारळानं ओटी भरीन."

नवस बोलली आणि लगेच सांगलीहून खण घेऊनही आली. हिरवा, लाल काठाचा. आकाराम म्हणाला, "अगं, अजून पावली न्हाई ती." त्यावर ही म्हणाली, "तयारी दिसली की पावती." खण ट्रंकेत तळाशी गेला. दुष्काळ सरला, वाडी पुन्हा धरली, पण उन्हाळ्यात नदी आटायची ती आटतच राहिली. बारमाही काही वाहिली नाही. त्यामुळे खण ट्रंकेतच पडून राहिला.

त्या वर्षांत गावाच्या तोंडी एकच विषय, धरण. वर साताऱ्याकडं धरण होतंय, त्याचं पाणी उन्हाळ्यात नदीत सोडणार, मग काठाकाठानं पंप बसणार आणि सगळं काळं रान उसाखाली येणार. घाटावर रोज यावर घोळ चाले. म्हातारे म्हणत, ऊस आला की ज्वारी जाणार, खायचं काय? तरणे म्हणत, गूळ विकून भात खाऊ. हरणाबाईच्या शेजारचा आप्पासो तर आनंदानं वेडाच झाला होता. माणूस सरळ. दुष्काळात त्याची दोन बैलं चाऱ्यावाचून गेली होती, आणि ती गेली तेव्हा तो गोठ्यात बसून बाईमाणसासारखा रडला होता. त्याला पाणी हवं होतं यात त्याचं काय चुकलं? "वैनी, गावाचं नशीब उघडतंय," तो सांगे. हरणाबाईही मान डोलावे. नदीला पाणी येणार म्हणजे आपल्या झिऱ्याला येणार, एवढंच तिला कळलं होतं. वाळू उघडीच पडणार नाही, हे ना तिच्या ध्यानात आलं, ना कुणी तिला सांगितलं.

धरण पुरं होत आलं त्या हिवाळ्यात आकारामनं अंथरूण धरलं. पोटात काही राहीना. सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात दाखवलं, त्यांनी चार दिवस ठेवून घेतलं आणि मग घरी न्यायला सांगितलं. घरी न्यायला सांगतात त्याचा अर्थ सगळ्या गावाला कळतो. हरणाबाईनं तो कळून घेतला नाही. "दवाखान्याचं अन्न त्यास्नी मानवलं न्हाई," असं तिनं जाहीर केलं, आणि कुणाची काही म्हणायची छाती झाली नाही.

वाडी तिनं एकटीनं धरली. सकाळ-संध्याकाळ वाळूत घागरी वाहायच्या, मधे घरी येऊन त्याला पेज पाजायची. पेज उलटून पडायची. एक दिवस तो म्हणाला, "वाळूतलं एक फळ पिकू दे. तेवडं पोटात ऱ्हाईल बग." झालं. त्या दिवसापासून हरणाबाईची वाडी विकण्यासाठी राहिली नाही. खोपीजवळच्या वेलाला एक फळ थोराड धरलं होतं. ते तिनं त्याच्या नावानं राखलं. रोज ठोकून बघे. टणटण.

चैत्र लागला होता. ऊन रणरणत होतं, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. हरणाबाई झिऱ्याजवळ आली तर झिरा काठोकाठ भरलेला. तिनं ओंजळीत पाणी घेतलं, डोळ्याला लावलं. "पावली गं बाई! माजी आई पावली!" म्हणून ती तिथंच बसली आणि हसत सुटली. उठली तेव्हा पावलांना गार लागलं. मागं बघते तर नदी वाळूवरून सरकत येत होती. आवाज नाही, फेस नाही, पुराचा गढूळपणा नाही. निवळशंख पाणी, आणि त्यात वेल हिरवेगार तरंगायला लागलेले. गावात आदल्या दिवशी, ती वाळूत असताना, दवंडी पिटली होती म्हणे. पण वाळूतल्या एकट्या बाईला सांगायला कोण उतरणार?

घाटावर मात्र अख्खं गाव लोटलं होतं. नारळ फुटत होते, हलगी वाजत होती, आप्पासोनं गुलाल उधळला. हरणाबाई गुडघाभर पाण्यातून ओरडत होती, पण हलगीत कुणाला ऐकू गेलं नाही. तिनं ते एक फळ तोडलं, पोटाशी धरलं आणि बाहेर आली. बाकीची वाडी पाण्याखाली गेली. खोप तेवढी थोडा वेळ उभी होती.

आकारामनं फळ बघितलं. उशाशी घेऊन पेरानं ठोकलं. टणटण. दोघांनाही ऐकू आलं. तरी तो म्हणाला, "काप." आत सगळं पांढरं, नुसती गुलाबी झाक. त्यानं एक फोड चघळून चघळून खाल्ली. "ग्वाड हाय," म्हणाला. त्याचा पुन्हा डोळा लागल्यावर हरणाबाईनं उरल्यातली एक फोड तोंडात घातली. काकडीएवढीही चव नव्हती. ती चुलीपाशी जाऊन पदरात तोंड घालून रडली.

दोन दिवसांनी त्यानंच विषय काढला. "हरणे, खण हाय न्हवं ट्रंकंत?"

"कशाला?"

"नवस फेड की. पावली न्हवं ती."

हरणाबाई भडकलीच. "पावली? माजी वाडी गिळली तिनं! तुमच्या तोंडातलं फळ काडून घेतलं. तिची ओटी भरू? जळ्ळी मेली ती!"

"तू जे मागितलंस त्येच दिलं तिनं. आपुन मागताना इचार केला न्हाई." एवढं बोलून त्याला धाप लागली. मग हळूच म्हणाला, "मी हाय तवर भर गं."

मी हाय तवर. ती आधी भांडायच्याच तयारीत होती. मग ते शब्द तिच्या काळजात उतरले. नदीची ओटी सवाष्णीनं भरायची असते. कपाळावर कुंकू आहे तोवर. त्याला नवसाची काळजी नव्हती, पुढं या बाईच्या मानेवर नवस राहील आणि तिला तो फेडता येणार नाही, याची होती. अबोल माणूस, आयुष्यात इतकं लांबचं कधी बोलला नव्हता.

"बरं व्हा," ती म्हणाली. "मग जोडीनं जाऊ."

त्यानं पुन्हा विचारलं, तेव्हाही तिनं हेच सांगितलं. शेवटी तर त्यानं आप्पासोच्या बायकोला, तानुबाईला, बोलावून घेतलं. तानुबाई नारळ घेऊन आली आणि म्हणाली, "चल गं, घाट काय लांब हाय? पाच मिंटात यू." हरणाबाईनं नारळ ठेवून घेतला आणि तिला दारातून वाटेला लावलं.  त्या दुपारी आकाराम तिच्या कपाळाकडं बघत राहिला. पुढच्या दिवशी ती ताक आणायला शेजारी गेली आणि परत आली, तर तो गेला होता. भांड्यातलं ताक हातात तसंच होतं.

पोरगा तार मिळून आला, दिवस घालून परत गेला. आई, माझ्याबरोबर चल म्हणाला, ही गेली नाही. गेली असती तर बरं झालं असतं, असं मला फार वाटतं. कारण मग तिला रोज नदी बघावी लागली नसती. भर वैशाखात दोन्ही काठांना लागून वाहणारी कृष्णा, अगदी तिनं मागितली होती तशी.

गाव बदललं. ऊस आला, पक्की घरं आली, आप्पासोनं फटफटी घेतली. कलिंगडं आता काळ्या रानातली, ट्रकनं यायला लागली, घागरीएवढी आणि पाणचट. माणसं फोडी खात खात म्हणत, "वाळूतल्याची सर न्हाई गड्या." म्हणत आणि खात. हरणाबाई त्यांच्या उसात खुरपायला जाई. तिची जीभ मात्र गेली. कुणी मुद्दाम खोडी काढली तरी ती मान खाली घालून पुढची सरी धरे. नवस डोक्यावर राहिला, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती, सगळ्या गावाला ठाऊक होतं.

आकाराम गेल्यानंतरच्या तिसऱ्या श्रावणात बायका नदीची ओटी भरायला निघाल्या. हरणाबाई पायरीवर धुणं घेऊन बसली होती, ती उठून बाजूला झाली. तानुबाई तिच्यापाशी थांबली. "खण आन," म्हणाली. "तुज्या नावानं मी भरते."

हरणाबाईनं धुणं पायरीवर ठेवलं. मग घरी गेली, खण आणि तोच नारळ घेऊन आली. खणाच्या घड्या पिवळ्या पडल्या होत्या, नारळ आतून सुटून खुळखुळत होता. पदराला हात पुसून तिनं ते तानुबाईच्या ओटीत घातलं, स्वतः पायरी उतरली नाही.

तानुबाई पाण्यात उतरली आणि वळून म्हणाली, "काय सांगू गं माईला? उशीर का झाला म्हनू?"

 हरणाबाई म्हणाली, "म्हनावं, राग नव्हता. ओटी भरली असती तर ते जानार हे मीच कबूल केल्यागत झालं असतं. ते मला जमलं न्हाई."

तानुबाईनं डोळे पुसले आणि खण पाण्यावर सोडला. तो काठाकाठानं थोडा गेला, मग धारेला लागला. जिथं त्यांची खोप असायची, तिथल्या पाण्यावरून तो जाताना दिसला. हरणाबाई हात जोडायचं विसरली आणि पायरीवरूनच मोठ्यानं म्हणाली, "आवं, भरली बगा." सवयीनं ती उत्तरासाठी जरा थांबली, मग धुणं उचलून घराकडं वळली.