उजवीकडची जागा

एन्सेनादा शहर मागे पडलं की ओखोस नेग्रोसच्या रस्त्यावर डाव्या हाताला निकानोर बेल्त्रानची पत्र्याची शेड लागते. वाळवंटाच्या शर्यतीत गाड्या पळवणारे लोक इंजिनाचं काम कुणाकडूनही करून घेत, पण सायलेन्सर मात्र निकानोरकडूनच. दुकानातला तयार धुराचा पाइप त्या दगडाधोंड्यांत शंभर किलोमीटरही टिकत नाही. तो त्या एका गाडीसाठी, तिच्या अंगाबरोबरच वाकवावा लागतो.

निकानोरची रीत ठरलेली होती. आधी गाडी चालवणारा आणि त्याचा वाटाड्या, दोघांनाही हेल्मेट घालून आपापल्या जागी बसवायचं. पाय कुठे येतात, गुडघा कुठे टेकतो, ते खडूने पत्र्यावर आखून घ्यायचं. मग कपड्यांचा तारेचा हँगर सरळ करून तो इंजिनापासून मागच्या टोकापर्यंत गाडीखालून वाकवत न्यायचा. ती वाट मनाला पटली की मगच पाइपाला करवत लावायची. लोक चेष्टा करायचे, मास्तर सायलेन्सर बनवताहेत की विजार शिवताहेत. तो खडू फिरवत राहायचा. तापलेल्या पाइपाने पाय भाजून घेतलेली माणसं त्याने पाहिली होती.

यंदा एवारिस्तो मुरियो आपली जुनी पिकअप घेऊन आला तो एकटाच. अकरा वर्षं त्याच्या उजव्या हाताला चेमा बसत असे, मांडीवर वही घेऊन पुढची वळणं ओरडून सांगत. फेब्रुवारीत चेमा सरहद्दीपलीकडे मेव्हण्याकडे कामाला गेला आणि परत येण्याबद्दल काही बोलला नाही. सगळ्या खोऱ्याला हे ठाऊक होतं. निकानोरने विषय काढला नाही. त्याची स्वतःची बायको आम्पारो वारली, त्या वर्षी जो तो त्याला विचारायचा, आता जेवणाचं कसं करता, घरात करमतं का. उत्तरं देऊन तो थकून गेला होता. तेव्हापासून, न विचारणं हीच माया, असं त्याला वाटत आलं होतं. त्याने एवारिस्तोला बसवलं, त्याच्याच पायांच्या रेघा मारल्या आणि किल्ली ठेवून घेतली.

उजवी सीट काढल्यावर तार सरळ गेली. इतकी सरळ ती चाळीस वर्षांत कधी गेली नव्हती. त्याने पाय ठेवायच्या जागेचा पत्रा कापला, तिथे वर उचललेली पेटी बसवली आणि पाइप तिच्यातून नेला. आता खालून एकही दगड त्याला शिवणार नव्हता. इंजिनातून निघणाऱ्या चारही नळ्या सारख्या लांबीच्या. प्रत्येकीत पाणी भरून, ते मापाने मोजून त्याने खात्री केली. गाडी चालू केली तेव्हा आवाज एकसंध आला, कुठे गाठ नाही. ती काढलेली सीट भिंतीशी टेकवून तो तिच्यात बसला आणि तो आवाज ऐकत त्याने घेवडा भरलेल्या दोन पोळ्या, तोर्तिया, खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी एवारिस्तो आला. आवाज ऐकून त्याने मान डोलावली. मग उजवं दार उघडलं आणि आत बघत राहिला.

"मास्तर, पाय कुठे ठेवायचे?"

"कुणी?"

"जो बसेल त्याने."

कोण बसणार, असं निकानोरने आता विचारलं. एवारिस्तो म्हणाला, अजून कुणाला विचारलेलं नाही. मग म्हणाला, "पण मी एकटा जाणार, असं तुम्हाला सांगितलं कुणी?"

सांगितलं कुणीच नव्हतं. निकानोरने रिकामी जागा पाहिली आणि ती तशीच राहणार असं धरून तो चालला. आम्पारोच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना संपल्या, त्याच संध्याकाळी त्याने घरातली दुसरी खुर्ची शेजाऱ्यांना देऊन टाकली होती. तो म्हणाला, कापतो मी हे.

"राहू द्या. असा पाइप पुन्हा व्हायचा नाही."

"नाहीच व्हायचा," निकानोर म्हणाला आणि करवत शोधू लागला.

शर्यतीला नऊ दिवस होते. त्याने पेटी काढली, पायाखालचा पत्रा पुन्हा खाली बसवला, पाइप गाडीच्या चौकटीच्या बाहेरून दोन वळणं देऊन फिरवला आणि खाली जाड पोलादी पत्रा ठोकला. सीट परत बसवल्यावर पायांची मापं घ्यायला कुणी नव्हतं. शेवटी तो स्वतःच हेल्मेट घालून बसला आणि वाकून आपल्याच बुटांभोवती खडू फिरवला.

गाडी न्यायला आलेल्या एवारिस्तोने त्या रेघा पाहिल्या. "ही मापं कुणाची?"

"माझीच. दुसरं होतं कोण इथे?"

"मग तुम्हीच या की. वही वाचता येते ना?"

"माझा मणका पार त्या सान फेलिपे गावापर्यंत तुकड्यातुकड्याने गोळा करत बसशील," निकानोर म्हणाला आणि हसला. एवारिस्तोही हसला, जरा उशिराने.

शर्यतीच्या दिवशी निकानोर कोरड्या नदीच्या वळणावर उभा होता. दर वर्षी तो तिथेच उभा राही, तिथून पुढे कधी गेला नव्हता. टेकडीमागून गाडी यायच्या आधीच त्याला ती ओळखू आली. आवाजात आता बारीक अडखळ होती, दोन वळणांची. पिकअप समोरून गेली. उजवी सीट रिकामी होती, तिचा पट्टा मात्र लावलेला होता.

यंदा मात्र तो तिथे थांबला नाही; पेट्रोल भरायच्या तळावर सरळ रस्त्याने गाडीच्या आधी पोचला. एवारिस्तो एक वळण चुकून वीस मिनिटं गमावून आला. तळावरची मुलं टाकी भरत असताना निकानोरने उजवं दार उघडून खालच्या पत्र्यावर तळवा टेकला.

"थंड आहे," तो म्हणाला.

एवारिस्तोच्या भुवयांवर पिठासारखी माती बसली होती. "तुम्हीच या म्हणालो, ते मी खरंच विचारलं होतं, मास्तर," तो म्हणाला. आणि टाकी भरल्याची हाक आली.

निकानोरने दार लावलं, नीट बसलं का ते ढकलून पाहिलं आणि बाजूला झाला. गाडीचा आवाज दुसऱ्या टेकडीपलीकडे विरला. मग रिकामे डबे उचलणाऱ्या माणसाजवळ जाऊन त्याने विचारलं, पुढच्या तळाला रस्ता कुठून जातो.