कोरड्या नळाजवळचा माझा फोटो

पारोळ्याहून येणारी एसटी आमच्या फाट्यावर थांबते. तिथे ग्रामपंचायतीने मोठा फलक लावला होता. वर लिहिलं होतं, 'शाश्वत विकास ध्येये : घरोघरी नळाचं पाणी, शंभर टक्के'. खाली नळाशेजारी भरलेला हंडा घेऊन हसणारी बाई. ती बाई मी होते.

फोटो काढताना सरपंच आबा म्हणाले होते, "वहिनी, पंधरा दिवसांत पाणी सुटेल. आता फक्त हंडा धरा." तो हंडा मीच विहिरीवरून भरून आणलेला. मी विश्वास ठेवला आणि हसले.

पावसाळा सरला, थंडी आली, नळातून थेंब आला नाही. त्याच थंडीत सासूबाई विहिरीच्या ओल्या पायरीवरून घसरल्या. खुबा मोडला. धुळ्याच्या दवाखान्यात त्या मला रोज विचारायच्या, "नळले पाणी कव्हय येई वं?" घरी आल्या, पण पुन्हा चालल्या नाहीत. फाट्यावर येताजाता माझंच हसू मला दिसे आणि अंगाचा तिळपापड होई. या माणसाला चारचौघांत तोंड लपवायला जागा ठेवायची नाही, हे मी तेव्हाच ठरवलं.

पुरस्कारासाठी जिल्ह्याहून तपासणी पथक येणार होतं. आबांनी निरोप धाडला, त्या दिवशी घराला कुलूप लावून शेतात जा. मी "बरं" म्हणाले. आणि त्या सकाळी फोटोतलीच हिरवी साडी नेसून फलकाखाली जाऊन उभी राहिले.

पथकातल्या मॅडम गाडीतून उतरल्या. मी म्हणाले, "फोटोतली बाई मीच. घरी चहाला चला."

"मॅडमना वेळ नाही," आबा घाईने म्हणाले.

"पाच मिनिटं चालतील," मॅडम म्हणाल्या.

घरी मी त्यांच्या हातात पातेलं दिलं. "पाणी तेवढं नळाचं घ्या." त्यांनी तोटी फिरवली. आतून मुंग्या निघाल्या.

"लाइट नाही, म्हणून मोटर बंद आहे," आबा म्हणाले.

खाटेवरून सासूबाई बोलल्या, "लाइट शे ना. मना डोकावर पंखा फिरी ऱ्हायना."

पंखा खरंच गरगर फिरत होता. मी आबांच्या चेहऱ्याकडे मुद्दाम टक लावून पाहत राहिले.

पुरस्कार गेला, फलक उतरला. आबा दारात येऊन म्हणाले, "गावाचं नाव घालवलं तुम्ही."

"आधी म्हातारीच्या खुब्याचं बोला," मी म्हणाले.

चार महिन्यांत नळाला दिवसाआड पाणी सुरू झालं. पुढच्या निवडणुकीत मी दारोदार फिरून ही सगळी हकिकत सांगितली. आबा पडले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात सासूबाई वारल्या. आबा आले होते, हात जोडून. शेजारणी म्हणाल्या, आता सोडून दे. मी आबांना पाणीसुद्धा विचारलं नाही.